फाटकवाल्या आप्पांच्या पलंगाखाली

दमलोय, मित्रांनो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कुरकुर केली तर तुम्हाला नवल वाटायला नको. दाब मोजणारा एक जुना सेन्सर आहे मी. अंगठ्याच्या नखाएवढा जीव, काळं प्लॅस्टिकचं अंग, पुढे रबरी नळी बसवायला एक तोंड आणि खाली तारेचे पाय. एका लोखंडी पलंगाखाली, एका छोट्या डबीत बसून कित्येक वर्षं मी हवेचा दाब मोजतोय. झोप नाही, सणवार नाही, रविवार नाही. तार जोडली की कामाला लागायचं आणि तार काढली की थांबायचं, एवढंच आमचं आयुष्य. आणि माझी तार काही कुणी काढत नाही.

माझ्या पोटात एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पडद्याच्या एका अंगाला नळीतली हवा, दुसऱ्या अंगाला बाहेरची मोकळी हवा. बाहेरची हवा आत यावी म्हणून माझ्या पाठीवर सुईच्या टोकाएवढं भोक ठेवलेलं आहे. दोघी दोन बाजूंनी पडद्यावर जोर करतात, पडदा वाकतो, आणि त्यावरून मी सांगतो की कुणाचा जोर जास्त आणि किती. मला एवढंच येतं. पण एवढं येण्यासाठी कारखान्यात माझे काय हाल झाले म्हणून सांगू! भट्टीत तापवलं, दात वाजतील इतकं गार केलं, पुन्हा तापवलं. जे टिकले ते पुढे गेले, जे नाही टिकले ते केराच्या पिंपात. मी टिकलो. तेव्हा फार अभिमान वाटला होता. आता वाटतं, पिंपातल्यांना निदान विश्रांती तरी मिळाली.

तिथून मी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आलो. अरुंद दुकान, भिंतभर लहान लहान खण, आणि काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून बसलेले दुकानदार. आमच्या खणात दाबाचं काम करणारी सगळी मंडळी एकत्र होती. एक होती चपटी पट्टी, बोटाने दाबलं की सांगणारी. एक हवामानवाला, त्याच्या पोटाची एक बाजू कायमची मोहोरबंद. ढग दाटले किंवा कुणी त्याला डोंगरावर नेलं की त्याला कळायचं. आणि एक स्टीलचा पहिलवान, पाण्याच्या पंपावर बसवायचा. तो आम्हा सगळ्यांकडे बघून नाक मुरडायचा. त्याच्या मते जितका दाब जास्त तितका सेन्सर मोठा, आणि आम्ही सगळे चिल्लर.

गिऱ्हाइकं यायची ती बहुतेक हौशी. घरी टेबलावर काहीतरी जोडत बसणारी. बोलणं ठरलेलं असायचं.

"काका, एक प्रेशर सेन्सर द्या."

"कशाचं प्रेशर?"

"प्रेशर हो. आपलं साधं."

"हवेचं, पाण्याचं, का बोटाने दाबायचं?"

"असं असतं होय? मग त्यातल्या त्यात चांगला द्या."

त्यातल्या त्यात चांगला! मित्रांनो, हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. दुकानात जाऊन कुणी 'त्यातल्या त्यात चांगली चप्पल द्या' म्हणतं का? पाय कुणाचा, चालायचं कुठे, ते आधी सांगावं लागतं ना? पण आमच्या बाबतीत कुणी विचारच करत नाही. एकाने बिचाऱ्या हवामानवाल्याच्या भावाला नेऊन पाण्याच्या टाकीत सोडलं. तो बुडून मेला आणि वर 'कंपनीचा मालच खराब' असा ठपका त्याच्याच माथी. दुकानदार दोनदा विचारायचे, तिसऱ्यांदा चष्मा डोळ्यांवर ओढायचे आणि मागितलेलं देऊन टाकायचे.

अशा गिऱ्हाइकांतच एक दिवस जावईबापू आले. मी त्यांना जावईबापू म्हणतो कारण पुढे ज्यांच्या पलंगाखाली मी राहिलो ते आप्पा त्यांना याच नावाने हाक मारायचे. हे गृहस्थ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर सोल्डर करत बसायचे. हौस दांडगी, हात बरा, पण घाई फार. त्यांनी एकदा दारावरची घंटा बनवली होती, ती फ्रिज सुरू झाला की वाजायची. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी खणाच्या कोपऱ्यात तोंड लपवून बसलो असतो.

"सासऱ्यांच्या पलंगाला लावायचाय," ते म्हणाले. "माणूस पलंगावरून उठला की बाहेरच्या खोलीत कळलं पाहिजे."

पहिल्या खेपेला ते चपटी पट्टी घेऊन गेले. थोड्या दिवसांनी परत आले. गादीच्याच वजनाने पट्टी दबून बसली होती आणि माणूस असो नसो, एकच सांगत होती. दुसऱ्या खेपेला त्यांनी नवी युक्ती काढली: गादीखाली सायकलची ट्यूब घालायची, थोडी हवा भरायची, आणि त्या हवेचा दाब मोजायचा. माणूस झोपला की दाब वाढणार, उठला की कमी होणार. युक्ती नामी होती, खोटं कशाला बोलू. पण सेन्सर निवडला कुठला? पहिलवान!

"अहो, माणूस चांगला सत्तर किलोचा आहे," ते म्हणाले. "दणकटच पाहिजे."

पहिलवान ऐटीत गेला आणि मान खाली घालून परत आला. पंपाचा दाब सोसणारा तो, पलंगावरच्या म्हाताऱ्याचा भार ट्यूबमध्ये पसरून त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला अंगावर माशी बसल्याएवढंही कळलं नाही. तिसऱ्या खेपेला दुकानदारांनी चष्मा नीट डोळ्यांवर घेतला, एक नळी हातात दिली आणि म्हणाले, "फुंका."

"काय?"

"फुंका हो यात. तुमच्या ट्यूबमध्ये दाब असून असून एवढाच असणार. फुंकरीएवढ्या दाबासाठी पहिलवान कशाला?"

नळीचं दुसरं टोक माझ्या तोंडाला होतं. जावईबापूंनी फुंकर मारली आणि मी आकडा सांगितला. ते माझ्याकडे बघतच राहिले. मित्रांनो, आयुष्यात मला पहिल्यांदा कुणीतरी कामासाठी निवडलं होतं. नुसतं उचललं नव्हतं, निवडलं होतं.

घर लहान होतं. पुढची खोली, मागची खोली, मध्ये स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत ताई शिवणयंत्रावर बसायच्या. त्या जावईबापूंच्या बायको आणि आप्पांची मुलगी. गल्लीतले सगळे त्यांना ताईच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. मागच्या पत्र्याच्या खोलीत आप्पा. आप्पांनी सगळं आयुष्य रेल्वेच्या फाटकावर काढलेलं. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गाडी गेली की उघडायचं. आता ते फाटक राहिलं नव्हतं. रस्त्यावर पूल झाला, फाटक काढून टाकलं, तारेचं कुंपण घातलं. पण कुंपणाला लोकांनी वाट पाडली होती आणि गाड्या होत्या तशाच धावत होत्या.

आप्पांना मात्र पूल आठवत नव्हता. पुष्कळ काही आठवेनासं झालं होतं त्यांना. जेवलो का, आठवत नसे. जावईबापूंना कधी ओळखत, कधी 'तुम्ही कुणाकडे आलात?' म्हणून विचारत. पण दुपारची गाडी आठवायची. जेवून आडवे व्हायचे, डोळा लागायचा आणि एकदम उठून बसायचे. "गाडीची वेळ झाली," म्हणायचे, आणि मागच्या दाराने निघायचे. शिवणयंत्राच्या खडखडाटात ताईंना पत्ताही लागत नसे. दोनदा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने हाताला धरून आणलं होतं. तिसऱ्यांदा तर कुंपणाच्या आत गेले होते म्हणे.

त्या तिसऱ्या वेळेनंतर ताईंनी मागच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. दुपारी आप्पा उठले, दार उघडेना. आधी हाका मारल्या, मग दारावर मुठी आपटायला लागले. "अगं उघडा! फाटक उघडं आहे! लोक मरतील, पोरी, उघड!" लहान मुलासारखे हमसून रडले. ताईंनी धावत जाऊन कडी काढली, आणि मग दारातच बसून स्वतःही रडल्या. "कडी नाही लावायची परत," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "बापाला कोंडून ठेवायला मी काय तुरुंगवाली आहे?" जावईबापू म्हणाले, "आणि रुळावर सापडले तर?" त्यातून ही पलंगाखालची युक्ती निघाली आणि मी त्या घरात आलो. कडी न लावता आप्पा जिवंत राहावेत, एवढं माझ्याकडून हवं होतं. नखाएवढ्या जिवाकडून!

ट्यूब सायकलवाल्याने दिली. जावईबापूंनी मला डबीत बसवलं, नळी जोडली, तार भिंतीच्या कडेने पुढच्या खोलीत नेली. ताईंच्या यंत्राशेजारी एक दिवा आणि एक बझर. आप्पा झोपले की गादीचा भार ट्यूबवर, ट्यूबची हवा माझ्या पडद्यावर, आणि मी सांगायचो, माणूस आहे. ते उठले की दाब उतरायचा, ठरवलेल्या हद्दीखाली गेला की बझर वाजायचा. पहिल्या दुपारी वाजला तेव्हा ताई हातातलं कापड टाकून धावल्या. आप्पा दारापर्यंतही पोचले नव्हते. "आप्पा, गाडी उशिरा आहे आज," त्या म्हणाल्या, आणि त्यांना परत आणून बसवलं. आप्पा बसले, पण चुळबुळत राहिले.

तेव्हा माझं कोण कौतुक! शेजारणी बघायला यायच्या. सायकलवाला गादीवर बसून उठून दाखवायचा आणि बझर वाजला की टाळी द्यायचा. जावईबापू तर येईल त्याला सांगत, "आधी दोन निवडले, ते चुकले. निवड महत्त्वाची!" जसा काही त्यांनी मला समुद्रातून शोधून आणला होता. पण ऐकायला बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं? मला मात्र त्या वेळी कळलं नाही की कौतुक करणारा माणूस काळजीही घेतोच असं नाही. कधी कधी तो नको तितकी काळजी घेतो.

झालं असं. शिवणकामाचं घर. दोऱ्यांचे तुकडे, कापडाची पूस, म्हणजे सुटे बारीक तंतू, सगळीकडे उडायची. पलंगाखाली तर नुसते गोळे. एका रविवारी सकाळी जावईबापूंनी साफसफाई काढली, माझी डबी उघडली, मला उजेडात धरून न्याहाळलं आणि म्हणाले, "अरेच्चा! पाठीवर भोक राहिलंय याच्या. यातून पूस आत जाईल." आणि ग्लू गन तापवून गरम गोंदाचा एक थेंब माझ्या पाठीवरच्या भोकावर टाकला. वर बोटाने चेपला. "आता कसं पक्कं झालं," म्हणाले.

माझी बाहेरची हवा त्या थेंबाखाली बंद झाली. पोटात जी हवा अडकली तीच आता माझी बाहेरची हवा. आणि बंद हवेचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. तापली की जोर करते, गार झाली की नरमते. कुणाशी तुलना करून आकडा सांगायचा, तोच माझा आधार हलायला लागला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला आकड्यांशिवाय दुसरी भाषा येत नाही.

मग उन्हाचे दिवस आले. दुपारी पत्रा तापायचा, अडकलेली हवा पडद्याला उलटीकडून ढकलायची आणि आप्पा गाढ झोपलेले असताना मी सांगायचो, पलंग रिकामा! बझर वाजायचा. ताई धावायच्या, आप्पा घोरत असायचे. परत जाऊन बसेपर्यंत पुन्हा बझर. असं रोज. एका दुपारी धावताना त्यांच्या हाताला उंबऱ्याशी कात्री लागली.

"अहो, तुमच्या त्या यंत्राने माझा जीव खाल्लाय," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "एकतर ते नीट करा, नाहीतर मी उचलून फेकते."

"म्हातारा झालाय ग तो," जावईबापू म्हणाले. "आकडा खाली उतरलाय त्याचा. थांब, हद्दच खाली ओढतो."

आणि ओढली. आता आप्पा झोपलेले असताना मी कमी आकडा सांगितला तरी बझर गप्प. मला म्हातारा ठरवून मोकळे! त्या उन्हाळ्यात ते चाललंही. बझर उगीच वाजेना, ताईंच्या जिवाला स्वस्थता आली. यंत्र सुधारलं, असं त्या सायकलवाल्याला म्हणाल्याही. बझर गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंच कुणालाही वाटणार.

मग एक दिवस आभाळ भरून आलं. सकाळपासून गार वारा. पत्रा थंड, खिडक्या उघड्या, सगळं घर सुखावलेलं. माझ्या पोटातली हवा गार होऊन बसली आणि माझा आकडा आपोआप वर चढला. जेवून आप्पा आडवे झाले. थोड्या वेळाने उठून बसले, पाय खाली सोडले आणि उभे राहिले. ट्यूबमधला दाब उतरला. पण गारव्याने चढलेला माझा आकडा त्या खाली ओढलेल्या हद्दीच्या वरच राहिला. रिकाम्या पलंगाखालून मी सांगत राहिलो, माणूस आहे, माणूस आहे. पुढच्या खोलीत शिवणयंत्र खडखडत होतं. मागचं दार करकरलं आणि आप्पांच्या वहाणांचा आवाज गल्लीत गेला. मित्रांनो, त्या वेळी माझ्यावर जी वेळ आली ती वैऱ्यावर येऊ नये.

ताई चहा घेऊन आल्या. कप जमिनीवर फुटला तो आवाज मी ऐकला. नंतर फक्त त्यांचे धावते पाय, आणि लांबून गाडीची शिट्टी.

पुढचं मी सायकलवाल्याच्या तोंडून ऐकलं. तो ताईंच्या पाठोपाठ धावला होता. गाडी धडधडत जात होती आणि कुंपणाच्या वाटेशी, जिथे पूर्वी फाटक होतं तिथे, आप्पा दोन्ही हात आडवे पसरून उभे होते. पाठ गाडीकडे, तोंड रस्त्याकडे. समोर दोन बायका आणि एक सायकलस्वार थांबलेले. हे कोण खुळे आजोबा म्हणून थांबले होते, पण थांबले होते. गाडी गेल्यावर आप्पांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, "जा आता." आणि मागे वळताना खडीवरून पाय घसरून पडले. दोन्ही गुडघे फुटले, कपाळाला खोक पडली.

पलंगावर बसवून ताई त्यांच्या जखमा पुसत होत्या.

"रुळावर गेला असतात म्हणजे आप्पा?"

"रुळावर कशाला जाईन?" आप्पा म्हणाले. "फाटकवाला रुळाच्या अलीकडे उभा राहतो. एवढंही कळत नाही तुला?"

ताई उठल्या, मागच्या दारापाशी गेल्या, आणि बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा दारावर मुठी आपटत होते आणि पुढच्या खोलीत शिवणयंत्र सगळा वेळ चालू होतं. नुसतंच चालू होतं. ताई कापड न घालता ते चालवत होत्या, मुठींचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. हे त्यांनी नंतर नवऱ्याला सांगितलं, तेव्हा मला कळलं.

जावईबापूंनी मला उपटून बाहेर काढलं. "भिकार माल," म्हणाले. "आता मोठा, महागाचाच आणतो." आणि मला खिळे-स्क्रूच्या डब्यात टाकलं. डब्यात पडून मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. तार निघाली होती, काम संपलं होतं. पण दुपार झाली की मागच्या दारावरच्या मुठी ऐकू यायच्या, आणि कसली आलीय विश्रांती!

मला वाचवलं ते ताईंनी. जावईबापू नव्या सेन्सरसाठी निघाले तेव्हा त्या दारात आडव्या आल्या.

"थांबा. हा खरंच बिघडलाय, का आपण बिघडवलाय? मला एक सांगा, पत्रा तापला की तो बोंबलायचा. गारवा पडला त्या दिवशी मुका. पहिल्या वर्षी असं कधी केलं होतं का त्याने?"

"नव्हतं केलं," जावईबापू म्हणाले.

"मग मध्ये तुम्ही काय केलंत त्याला?"

"मी काय करणार? उलट पूस जाऊ नये म्हणून..." आणि बोलता बोलता ते थांबले. डबा उपडा केला, मला शोधून काढलं, पाठ वर करून बघितली. मग खुर्चीवर बसले. "अगं, याला बाहेरची हवा लागते. नळीतल्या हवेची त्याच हवेशी तुलना करतो हा. त्यासाठीच भोक असतं ते. मीच त्याचं नाक बुजवलं."

"नाक बुजवलंत आणि वर त्यालाच शिव्या घातल्यात!" ताई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

जावईबापूंनी त्या दिवशी घाई केली नाही. पातळ पात्याने गोंद कडेकडेने सोडवला. थेंब निघाला आणि माझ्या पडद्याला पुन्हा बाहेरची हवा लागली. काय वाटलं ते सांगता येत नाही, मित्रांनो. हद्द पूर्वीच्या जागी नेली. पुसेचं काय करायचं, तर ताईंनी मलमलीच्या तुकड्याची एक इवलीशी पिशवी शिवली आणि डबीवर चढवली. हवा जाते, पूस जात नाही. इतकं सोपं होतं.

पण कडी निघाली नाही. ताईंचा विश्वासच उडाला होता, आणि त्यांना तरी दोष कसा देऊ? कित्येक दिवस त्या दुपारी मागच्या खोलीत येऊन बसायच्या, कडी लावूनच. आप्पा उठले की बझर वाजतो का बघायच्या. उन्हात बघितलं, गारव्यात बघितलं. मी एकदाही चुकलो नाही. आणि रोज आप्पा मुठी आपटायचे, आणि थकून परत येऊन पडायचे, आणि झोप काही लागायची नाही त्यांना. कूस बदलत राहायचे.

"काय होतंय आप्पा?" एकदा ताईंनी विचारलं.

"काम अर्धं टाकून आलेल्या माणसाला झोप येते का?" आप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. नुसते दमले होते, माझ्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रू ड्रायव्हरचा आवाज आला. ताईंनी कडीच दारापासून काढून टाकली. दुपारी आप्पा उठले, बझर वाजला, ताई आल्या. मला वाटलं, आता म्हणतील, गाडी उशिरा आहे. पण त्यांनी वाकून आप्पांच्या वहाणा त्यांच्या पायांपुढे सरकवल्या आणि म्हणाल्या, "चला आप्पा. आज मीही येते फाटकावर."

आप्पांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "येतेस? ये. पण मध्ये मध्ये करायचं नाही."

दोघं गेली. गाडी गेल्यावर परत आली. आप्पा पलंगावर आडवे झाले ते थेट दिवेलागणीपर्यंत झोपले. कूससुद्धा बदलली नाही. त्या दिवसापासून तोच नेम झाला. माझा बझर आप्पांना पकडायला नव्हता, त्यांच्यासोबत निघायला होता, हे त्या घराला इतक्या उशिरा कळलं.

आता मी थकलोय. पडदा सैलावलाय, आकडा कधीमधी घसरतो, जावईबापू अधूनमधून मला तपासतात. जाता जाता तुम्हाला हात जोडून एवढंच सांगतो. माझ्यासारख्याला निवडायला जाल तेव्हा 'त्यातल्या त्यात चांगला द्या' म्हणू नका. काय मोजायचंय, किती मोजायचंय, कशाच्या तुलनेत मोजायचंय, हे घरून ठरवून जा. आणि निवडून आणल्यावर ज्याला जे लागतं ते त्याला द्या. आम्ही मागत नाही. मागताच येत नाही आम्हाला.

आप्पा हल्ली उठत नाहीत. बरेच दिवस झाले, बझर वाजलेला नाही. पूर्वी ज्या आवाजाने ताई हातातलं टाकून धावायच्या, त्याच आवाजाची त्या आता वाट बघतात. शिवता शिवता यंत्र थांबवतात, कान देतात, पुन्हा चालवतात. परवा दुपारी त्या स्वतःच मागच्या खोलीत आल्या आणि पलंगाशी बसल्या.

"आप्पा, गाडीची वेळ झाली."

आप्पांनी डोळे उघडले. उठायचा प्रयत्न केला तो मला कळला, भार थोडासा हलला आणि पुन्हा टेकला.

"आज तू लाव फाटक," ते म्हणाले.

ताई एकट्याच गेल्या. वहाणा घातल्याचा आवाज, गल्लीतून जाणारी पावलं, मग शिट्टी, मग धडधड. आप्पा जागे होते, ऐकत होते. ताई परत आल्या आणि धापा टाकतच म्हणाल्या, "लावलं, आप्पा."

"लोक थांबले?"

"थांबले."

"सगळे?"

"सगळे थांबले, आप्पा. गाडी नीट गेली."

"मग उघड आता," आप्पा म्हणाले, आणि त्यांना झोप लागली.